टॅबचा वाद यंत्राला द्या, नावाचा वाद स्वतः घाला

तुमच्या टीममधल्या कोड रिव्ह्यूत सगळ्यात लांबलेली चर्चा आठवून पाहा. महिरपी कंस कुठल्या ओळीवर लिहायचा, टॅब द्यायचा की चार स्पेस, एका ओळीत किती अक्षरं मावू द्यायची, असंच काहीतरी असेल. त्याच पुल रिक्वेस्टमध्ये जीएसटी दोनदा आकारला जात असतो आणि त्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. स्पेस नुसती नजर टाकली तरी दिसते. हिशेबातली चूक दिसायला कोड वाचावा लागतो. नॉर्थकोट पार्किन्सननं १९५७ सालीच ही गंमत सांगून ठेवली होती. समितीपुढे अणुभट्टीचा प्रस्ताव झटक्यात मंजूर होतो आणि सायकलींच्या शेडवर मात्र खल चालतो, कारण शेडबद्दल प्रत्येकालाच मत असतं. १९९९ मध्ये फ्रीबीएसडीच्या पॉल-हेनिंग कॅम्पनं हीच गोष्ट प्रोग्रॅमरना ऐकवली आणि असल्या चर्चेला ‘बाइकशेडिंग’ म्हणण्याची पद्धत पडली.

शैलीच्या भांडणात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. एक, कोड दिसतो कसा. हे काम यंत्राला सोपवता येतं आणि ते सोपवून मोकळं व्हावं. दुसरी, कशाला काय म्हणायचं. तिथे यंत्र फारसं उपयोगी पडत नाही. हल्ली एआय नावं सुचवतं, बरीही सुचवतं, पण ते आजूबाजूचा कोड पाहून सुचवतं. आजूबाजूला ‘डेटा२’ असेल तर ‘डेटा३’ येतं. तुमच्या अकाउंट्स विभागात कुठल्या रकमेला काय म्हणतात हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून पहिला वाद लवकर आटपा आणि वाचलेला वेळ दुसऱ्याला द्या.

(या लेखात व्हेरिएबलची नावं देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रीनवर ती रोमन लिपीत आहेत असं धरून चाला.)

आधी यंत्राचं काम

मांडणीचे बहुतेक नियम कुठल्या तरी जुन्या अडचणीतून आलेले आहेत. ओळीत ८० अक्षरं ही मर्यादाच घ्या. आयबीएमनं १९२८ मध्ये आणलेल्या पंचकार्डावर ८० स्तंभ होते. कार्डं गेली, त्याच मापाचे टर्मिनल आले, पुढे टर्मिनलही गेले, मर्यादा राहिली. पायथॉनच्या ‘पेप ८’ या २००१ च्या नियमावलीत ती ७९ आहे. लिनक्स कर्नलमध्येही ८० चा दंडक होता. २०२० मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं तो सैल केला आणि पॅच तपासणारी स्क्रिप्ट १०० अक्षरांपर्यंत गप्प बसू लागली. इंडेंटचंही तेच. कर्नलमध्ये आठ अक्षरांएवढा टॅब, पायथॉनमध्ये चार स्पेस, आणि दोन्हीकडे उत्तम कोड लिहिला जातो.

टॅबच्या बाजूचा एकच मुद्दा मला वजनदार वाटतो. टॅब किती रुंद दिसावा हे ज्याचं तो ठरवू शकतो. ज्यांची दृष्टी अधू आहे, अक्षर खूप मोठं करून वाचावं लागतं, किंवा जे ब्रेल डिस्प्लेवर कोड वाचतात, त्यांना याचा खरा उपयोग होतो. टीममध्ये असं कोणी असेल तर टॅब घ्या आणि चर्चा तिथेच थांबवा. नसेल तर त्या भाषेचा जो रिवाज असेल तो पाळा.

गो भाषेनं हा प्रश्न मुळातच निकालात काढला. २००९ मध्ये ती जाहीर झाली, आणि तिच्याबरोबर येणाऱ्या ‘गोफम्ट’ या फॉरमॅटरला मांडणीची आवडनिवड सांगायची सोयच जवळपास ठेवलेली नाही. त्याची मांडणी फार आवडते असं म्हणणारे थोडे, पण तो नको म्हणणारा विरळाच. जावास्क्रिप्टसाठी २०१७ मध्ये ‘प्रेटिअर’ आणि पायथॉनसाठी २०१८ मध्ये ‘ब्लॅक’ आला. त्यांनीही तोच मार्ग धरला. ब्लॅक ओळीला ८८ अक्षरं देतो. ८८ च का, यावर वाद घालता येईल. घालू नका.

फॉरमॅटर लावण्याची एक रीत आहे, ती पाळली नाही तर आठवडाभर शिव्या खाव्या लागतात. तो फाइल सेव्ह करताना आपोआप चालला पाहिजे आणि सीआयमध्येही तपासला गेला पाहिजे. ‘सगळ्यांनी कृपया वापरा’ असं ग्रुपवर टाकून काही होत नाही. जुन्या कोडवर तो पहिल्यांदा चालवाल तेव्हा त्याचा स्वतंत्र कमिट करा, त्यात दुसरा एकही बदल नको. उघड्या पुल रिक्वेस्ट कमीत कमी असतील असा दिवस निवडा, नाहीतर सगळी टीम मर्जचे गुंते सोडवत बसेल. आणि त्या कमिटचा हॅश एका फाइलमध्ये नोंदवून ‘गिट ब्लेम’ला तो वगळायला सांगा. २०१९ च्या गिट २.२३ पासून ही सोय आहे. हे राहून गेलं तर पुढची काही वर्षं प्रत्येक ओळीवर फॉरमॅटर चालवणाऱ्या बिचाऱ्याचं नाव दिसत राहतं आणि कोणाच्याही चुकीचा जाब त्यालाच विचारला जातो.

मांडणी ही अगदीच फुटकळ बाब आहे असं मात्र नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीचं अपडेट काढावं लागलं. सुरक्षित जोडणी करताना सर्व्हरची सही तपासणाऱ्या एका सी फंक्शनमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. वर ‘इफ’ होता, पण कंस नव्हते. पहिली ओळ इफच्या ताब्यातली. दुसरीही तितकीच आत सरकवलेली असल्यामुळे तीही इफचीच वाटायची, प्रत्यक्षात ती दर वेळी चालायची. त्यामुळे पुढची सहीची तपासणी व्हायचीच नाही आणि वाटेत बसलेला भामटा खुशाल खऱ्या सर्व्हरचं सोंग घेऊ शकायचा. फॉरमॅटर चालवला असता तर दुसरी ओळ डावीकडे सरकून उघडी पडली असती. इतकं बहुतेक सगळे सांगतात.

मला त्या कोडमधलं नाव अधिक खटकतं. ‘फेल’ असं लेबल दिलेल्या जागी ते फंक्शन अपयश आलं तरी पोचायचं आणि यश आलं तरी पोचायचं. तिथे फक्त मेमरी मोकळी करायची आणि हातात जो निकाल असेल तो परत द्यायचा, एवढंच काम होतं. ती जादाची उडी मारली जायची तेव्हा हातात शून्य असायचं, म्हणजे ‘सगळं ठीक’. ‘गोटू फेल’ वाचणाऱ्याला वाटतं, फार तर काय होईल, जोडणी तुटेल. इथे फेलकडे उडी मारून फंक्शन पास होत होतं. लेबलचं नाव ‘क्लीनअप’ असतं तर चूक टळली असती असं मी म्हणणार नाही, पण वाचणाऱ्याला खोटा दिलासा तरी मिळाला नसता.

कॅमल केस की स्नेक केस, म्हणजे शब्द जोडून मधलं अक्षर कॅपिटल करायचं की मध्ये अंडरस्कोर टाकायचा, यावर फार वेळ घालवू नका. जावात कॅमल, पायथॉनमध्ये स्नेक. रस्टमध्ये व्हेरिएबलला स्नेक केस दिली नाही तर कंपाइलर स्वतःच टोकतो. गोमध्ये तर पहिलं अक्षर कॅपिटल असणं हा व्याकरणाचाच भाग आहे, तसं नाव पॅकेजबाहेर दिसतं, लहान अक्षराचं दिसत नाही. कुठली केस वाचायला सोपी याचे प्रयोगही झाले आहेत. २००९ च्या एका प्रयोगात कॅमल केसची नावं ओळखण्यात अचूकता जास्त आढळली. २०१० मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून केलेल्या दुसऱ्या प्रयोगात स्नेक केस लवकर ओळखली गेली. घ्या!

त्यापेक्षा फाइलमध्ये आधी जे चालत आलं आहे ते पुढे चालवा. पायथॉनच्या स्वतःच्या ‘लॉगिंग’ मॉड्यूलमध्ये फंक्शनची नावं कॅमल केसमध्ये आहेत, कारण ते जावातल्या ‘लॉग४जे’च्या धर्तीवर बेतलेलं आहे. पेप ८ त्याच्या विरुद्ध आहे, तरी कोणी ती बदलत नाही, आणि त्यातच शहाणपण आहे. लघुरूपांचा नियम तेवढा आधी ठरवून ठेवा. ब्राउझरमधल्या ‘एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट’ या प्रसिद्ध नावात एक्सएमएल अख्खं कॅपिटलमध्ये आहे आणि एचटीटीपीचं फक्त पहिलं अक्षर. एकाच नावात दोन पद्धती! ते टाइप करताना आजही लोक चुकतात.

नावात काय यायला हवं

‘हंगेरियन नोटेशन’ची पुष्कळ टिंगल होते. जन्मानं हंगेरियन असलेल्या चार्ल्स सिमोन्यीनं ती पद्धत झेरॉक्स पार्कमध्ये आणि १९८१ पासून मायक्रोसॉफ्टमध्ये रुजवली. नावाच्या आधी एक छोटा उपसर्ग लावायचा, आणि ती संख्या कशाची आहे हे त्यातून कळायचं. ‘आरडब्ल्यू’ असेल तर आडव्या रांगेचा क्रमांक, ‘सीओएल’ असेल तर उभ्या स्तंभाचा. दोन्ही पूर्णांकच, कंपाइलरला दोन्ही सारखेच. पण रांगेच्या क्रमांकातून स्तंभाचा क्रमांक वजा करणारी ओळ दिसली की माणूस दचकतो. कल्पना फार चांगली होती.

पुढे विंडोजवाल्यांनी तिचा सरधोपट अर्थ लावला आणि उपसर्गात डेटा टाइप घालायला सुरुवात केली. त्याचा एक अवशेष तुम्ही आजही पाहू शकता. विंडोज प्रत्येक संदेशाबरोबर ‘डब्ल्यू-पॅरॅम’ नावाची किंमत पाठवतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे वर्ड, १६ बिटांचा. १६ बिटांच्या विंडोजमध्ये ते खरंच होतं. ३२ बिटांची विंडोज आली, ती किंमत ३२ बिटांची झाली. ६४ बिटांच्या विंडोजवर ती ६४ बिटांची आहे. नाव तेच, कारण जगभरचे प्रोग्रॅम त्यावर बेतलेले. जे कंपाइलरला आधीच ठाऊक होतं ते नावात लिहिलं, आणि पुढे तेच खोटं ठरलं. जोएल स्पॉल्स्कीनं २००५ च्या एका लेखात या दोन हंगेरियन पद्धतींमधला फरक नीट उलगडून दाखवला आणि सिमोन्यीच्या मूळ पद्धतीची बाजू घेतली. चुकीची ओळ नजरेला चुकीची दिसली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

आता हे आपल्या रोजच्या कामात आणू. समजा, तुमच्यासमोर दुकानाच्या बिलाचं फंक्शन आहे आणि त्यात ‘अमाउंट’, ‘अमाउंट१’, ‘टॅक्स’, ‘फ्लॅग’ आणि ‘इयर’ ही नावं आहेत. गिऱ्हाइकानं ११८० रुपये एमआरपीची वस्तू घेतली. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. जीएसटी १८ टक्के असेल तर करपात्र मूल्य १००० आणि कर १८०. विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर त्यातले ९० सीजीएसटी, ९० एसजीएसटी. मग ‘अमाउंट’मध्ये ११८० आहेत की १०००? ज्यानं लिहिलं त्याला त्या दिवशी पक्कं माहीत होतं. काही महिन्यांनी दुसऱ्या कोणी त्याच ‘अमाउंट’वर १८ टक्के लावले, तर बिल १३९२ रुपये ४० पैशांचं होतं. कंपाइलर हूं की चूं करत नाही, आकड्याला आकड्यानं गुणलं यात त्याला काही वावगं दिसत नाही. तीच नावं ‘टॅक्सेबल_व्हॅल्यू’ आणि ‘प्राइस_इन्क्लुडिंग_टॅक्स’ असती, तर दुसऱ्याला १.१८ नं गुणणारी ओळ लिहितानाच बोटं अडखळली असती.

एवढ्यावर सुटका नाही. ते ११८० रुपये आहेत की पैसे? रेझरपे, स्ट्राइप यांसारख्या पेमेंट सेवांच्या एपीआयमध्ये ‘अमाउंट’ हे चलनाच्या सगळ्यात लहान एककात द्यायचं असतं. ५०० रुपयांसाठी ५०००० पाठवायचे. तुमच्या टेबलात रुपये, त्यांच्याकडे पैसे, आणि दोन्हीकडे नाव ‘अमाउंट’. मध्ये शंभरचा गुणाकार एकदा राहून गेला की पाचशेच्या मालाचे पाच रुपये वसूल होतात, आणि गिऱ्हाईक काही तक्रार करायला येत नाही. तुमच्या बाजूला ‘अमाउंट_पैसे’ असं लिहा. जरा गावठी वाटेल, वाटू द्या.

एककाच्या घोटाळ्याचं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे नासाचं ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते मंगळापाशी पोचताना नष्ट झालं. जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमनं थ्रस्टरच्या धक्क्याचे आकडे पौंड-सेकंदात दिले होते, पुढच्या प्रोग्रॅमनं ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. फरक सुमारे ४.४५ पटीचा. कॉलमच्या नावात एकक असतं तर यान वाचलंच असतं असा दावा करणं बालिशपणाचं होईल. तिथे करार, तपासणी, चाचण्या अशा सगळ्याच पातळ्यांवर ढिलाई झाली होती. पण ज्या संख्येला एकक आहे तिच्या नावात ते घालायला काही खर्च पडत नाही. ‘टाइमआउट’ नको, ‘टाइमआउट_सेकंद्स’ हवं. ‘वेट’ नको, ‘वेट_ग्रॅम्स’ हवं.

‘इयर’कडे वळू. त्यात २०२४ आहे. हे कॅलेंडरचं वर्ष, की एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ हे आर्थिक वर्ष, की इन्कम टॅक्सचं २०२४-२५ हे असेसमेंट इयर? तिसरं असेल तर उत्पन्न २०२३-२४ चं आहे. कर सल्लागारांकडे दर जुलैत येणाऱ्या कितीतरी लोकांचा इथे गोंधळ उडतो, आणि सरकारनंही शेवटी हे नाव सोडलं. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या इन्कम टॅक्स कायद्यात असेसमेंट इयर जाऊन ‘टॅक्स इयर’ आलं आहे. म्हणजे तुमच्या जुन्या टेबलात आता आणखी एका प्रकारचं वर्ष नांदणार. ‘एफवाय_स्टार्ट_इयर’ असं नाव द्या, कोणाला विचारायची वेळ येणार नाही.

‘फ्लॅग’बद्दल काय बोलावं! खरं असेल तर काय खरं? परराज्यातली विक्री असेल तर ‘इज_इंटरस्टेट’ म्हणा. नकारार्थी नावं टाळा. ‘इज_नॉट_रजिस्टर्ड’ खोटं असेल तर, हे वाक्य रात्री अकरा वाजता प्रॉडक्शन बंद पडलेलं असताना वाचून पाहा. ‘डेटा’, ‘इन्फो’, ‘ऑब्जेक्ट’ ही नावं म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यावर ‘डबा’ अशी चिठ्ठी चिकटवण्यासारखं आहे. आणि ‘अमाउंट१’ मधला एक म्हणजे दोन रकमांमधला फरक शोधायचा कंटाळा.

नाव किती लांब असावं यावर दोन तट आहेत. कर्नलच्या शैलीपुस्तिकेत टोरवाल्ड्सनं लांबलचक नावांची चेष्टा केली आहे. तात्पुरत्या मोजणीसाठी ‘टीएमपी’ पुरे असताना वाक्यभर नाव कशाला, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या तटावर जावाची मंडळी. माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे, त्यांचा कोड वेगळा आहे इतकंच. व्हेरिएबल तीन ओळींत जन्मून मरत असेल तर ‘आय’ चालतो. ते अक्षर रूढ व्हायला गणिताइतकाच फोरट्रानचाही हात आहे. १९५७ पासून त्या भाषेत आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं न सांगता पूर्णांक धरली जात. मात्र इंग्रजी छोटा एल आणि मोठा ओ एकट्यानं कधी वापरू नका, काही फाँटमध्ये ते १ आणि शून्यासारखे दिसतात. पेप ८ मध्येही त्यांना मनाई आहे. नाव जितकं दूर जाणार तितकं सविस्तर हवं. तीन ओळींत एक अक्षर, फंक्शनभर एक शब्द, फाइलबाहेर पूर्ण नाव, हे माप धरून चाला. लघुरूपांचा मोह टाळा. ७२ व्यावसायिक सी शार्प प्रोग्रॅमरांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पूर्ण शब्दांची नावं असलेला कोड लोकांना एकाक्षरी किंवा तुटक नावांच्या कोडपेक्षा सरासरी १९ टक्के लवकर कळला होता.

फंक्शनच्या नावानं खोटं बोलू नये. ‘गेट_कस्टमर’ वाचलं की मला वाटतं ते फक्त ग्राहकाची नोंद काढून देईल. ते नोंद नसल्यास नवी तयार करत असेल, तर ‘गेट_ऑर_क्रिएट_कस्टमर’ म्हणा. हे नाव ओबडधोबड वाटलं तर दोष नावाचा नाही, फंक्शन दोन कामं करतंय. नाव सुचतच नसेल, तर बऱ्याचदा आपण काय लिहितोय हेच अजून ठरलेलं नसतं. अशा वेळी कोश चाळत बसू नका, फंक्शन तोडा.

आपल्याकडचे शब्द

महाराष्ट्रातल्या कामांमध्ये एक वेगळीच पंचाईत होते. जमिनीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर करताना ‘फेरफार’ला काय म्हणायचं? महसूल खात्याच्या इंग्रजीत त्याला ‘म्युटेशन’ म्हणतात. पण ग्राफक्यूएल वापरत असाल तर तिथे डेटा बदलणाऱ्या प्रत्येक क्रियेलाच म्युटेशन म्हणतात. मग ‘क्रिएट_म्युटेशन_म्युटेशन’ असल्या नावांची पैदास होते. सातबारा, फेरफार, गट नंबर, खातेदार हे शब्द तसेच ठेवा. तलाठी कार्यालयातला माणूस, तुमचा टेस्टर आणि तुमचा कोड एकच शब्द बोलू लागले की बैठका लहान होतात. एरिक इव्हान्सनं २००३ च्या ‘डोमेन ड्रिव्हन डिझाइन’ या पुस्तकात हाच आग्रह धरला आहे.

अडचण आहे ती रोमन स्पेलिंगची. ‘गाव’ हा एवढासा शब्द, पण तो रोमनमध्ये कोणी एका ए-नं लिहितो, कोणी दोन, कोणी शेवटी व्ही लावतो तर कोणी ओएन. सर्च केलं की निम्म्या जागा निसटतात. रिपॉझिटरीत एक साधी फाइल ठेवा. शब्द, त्याचं ठरलेलं स्पेलिंग, आणि एका ओळीत अर्थ. नवीन शब्द आला की त्याच पुल रिक्वेस्टमध्ये त्या फाइलमध्येही ओळ वाढली पाहिजे.

माणसांच्या नावांचे कॉलम तर सर्रास चुकतात. ‘फर्स्ट_नेम’ आणि ‘लास्ट_नेम’ ही जोडी अमेरिकी फॉर्मवरून आली. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असे तीन भाग, आणि कितीतरी कागदांवर आडनाव आधी. मग ‘लास्ट’ म्हणजे शेवटी लिहिलेलं की आडनाव? तमिळ माणसाचं आद्याक्षर कुठे टाकायचं? ज्यांना एकच नाव आहे त्यांनी दुसऱ्या रकान्यात टिंब द्यायचं का? शक्य असेल तर ‘फुल_नेम’ हा एकच कॉलम ठेवा आणि पडताळणीसाठी लागतं ते ‘नेम_ॲज_ऑन_पॅन’ असं स्पष्ट वेगळं ठेवा. आडनाव खरंच वेगळं हवं असेल तर त्याला ‘सरनेम’ म्हणा. नाव कुठे लिहिलं जातं यावरून त्याला ओळखू नका.

कोड थेट देवनागरीत लिहावा का, असं हौशी मंडळी विचारतात. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नाव देता येतं आणि ते चालतं. गोमध्ये मात्र चालत नाही. तिथे नावात फक्त अक्षरं आणि अंक चालतात, काना-मात्रा-वेलांटी ही युनिकोडच्या लेखी जोडचिन्हं. म्हणजे ‘क’ चालेल, ‘का’ नाही. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत या मर्यादेचं उदाहरण म्हणून देवनागरीचंच नाव घेतलेलं आहे. वर देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, तेव्हा पॅकेजबाहेर नाव दाखवायचा प्रश्न उरतोच. शाळेतल्या मुलांना लूप शिकवायला पायथॉनमध्ये मराठी नावं जरूर वापरा, मुलांना मजा येते. नोकरीच्या कोडमध्ये कीबोर्ड सारखा बदलत बसणं कोणालाच परवडत नाही.

बाहेर गेलेलं नाव

फंक्शनमधलं नाव एडिटरमध्ये दोन बटणं दाबून बदलता येतं, म्हणून तिथे फार घोळ घालू नका. एपीआयमधलं, टेबलातलं, लॉगमधलं नाव एकदा बाहेर गेलं की परत येत नाही. युनिक्समध्ये फाइल तयार करायच्या सिस्टिम कॉलच्या नावात ‘क्रिएट’चा शेवटचा ई नाही. पुन्हा युनिक्स लिहिलंत तर काय बदलाल, असं केन थॉम्पसनला विचारलं तेव्हा तो म्हणाला की तो ई घालेन. आजही घातलेला नाही. एचटीटीपीत आधीच्या पानाचा पत्ता सांगणाऱ्या ‘रेफरर’ हेडरच्या स्पेलिंगमधला एक आर गळाला, आणि १९९६ च्या पहिल्या एचटीटीपी आरएफसीत तो तसाच छापला गेला. पुढे ‘रेफरर-पॉलिसी’ हे नवं हेडर आलं तेव्हा त्याचं स्पेलिंग मात्र बरोबर लिहिलं. आता ब्राउझर एक चुकीचं आणि एक बरोबर, अशी दोन्ही सांभाळतात.

रिव्ह्यूत नावाबद्दल लिहायचं तर हुकूम सोडू नका. ‘हे नाव बदला’ यापेक्षा ‘इथे अमाउंट कर धरून आहे की वगळून, मला कळलं नाही’ हे लिहिलेलं बरं. त्यावर वाद घालता येत नाही, न कळलेला माणूस समोर उभा असतो. आपल्याकडच्या टीममध्ये नव्यानं आलेली मुलं लीडच्या कोडबद्दल काही बोलायला कचरतात. ‘सरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल’ असं धरून चालतात आणि दोन दिवस एकाच फाइलवर डोकं फोडत बसतात. ज्यांना लीड म्हणवून घ्यायचं आहे त्यांनी नव्या माणसाला पहिल्या महिन्यात एक यादी करायला सांगावी, कुठली नावं वाचून चुकीचा समज झाला याची. हे त्याला दुसऱ्या महिन्यात जमणार नाही, तोवर सवय झालेली असते.

आणि नवं टेबल तयार करणारी स्क्रिप्ट मर्ज होण्याआधी कॉलमांची यादी घेऊन अकाउंट्समधल्या काकूंकडे जा. नुसती नावं वाचून दाखवा, काही समजावून सांगू नका. त्यांनी मध्येच ‘ही रक्कम जीएसटी धरून का रे?’ असं विचारलं, तर त्या ओळीवर खूण करा आणि जागेवर परत येऊन तो कॉलम बदला.